टिकाऊ एअर रायफल कशी निवडावी
लहान शिकारीसाठी वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एअर रायफल घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न वेगाचा असतो: छर्रा किती जोरात जातो? वस्तीपासून दूर, दुरुस्तीची सोय नसलेल्या ठिकाणी ससा, खार, कबूतर एवढ्या आकाराच्या शिकारीवर दिवस काढायचे असतील, तर आधी दुसरा प्रश्न विचारा. हिच्यातला कोणता भाग आधी जाईल आणि तो मला माझ्या हातांनी बदलता येईल का? हे पत्रक त्याच प्रश्नाभोवती लिहिले आहे.

त्याआधी कायदा. रायफल बाळगायला परवाना लागतो का, किती ताकदीपर्यंत लागत नाही, कोणत्या प्राण्याची शिकार चालते, कोणत्या हंगामात चालते, हे देशागणिक बदलते. इंग्लंड आणि वेल्समध्ये छऱ्याची 12 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 16 ज्यूल, ऊर्जा ही विनापरवाना रायफलची मर्यादा आहे. जर्मनीत ती 7.5 ज्यूल आहे. काही देशांत शिकारच पूर्ण बंद आहे. तिथे ही रायफल फक्त निशाण्याच्या सरावासाठी घ्यावी. टिकाऊपणाचे निकष तेव्हाही हेच राहतात.

ताकद कशावर चालते

स्प्रिंग-पिस्टन. चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो, त्याच्यापुढची हवा आवळली जाते आणि छर्रा सुटतो. सिलिंडर नको, पंप नको, गॅसची नळकांडी नकोत. स्प्रिंग थकते, पण हळूहळू थकते. एका दिवसात दगा देत नाही. तुटली तरी रायफल बहुधा कॉक होतेच, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवता येते, फक्त अशी चढवताना करकर जाणवते आणि छर्रा खाली पडू लागतो. स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा असला तर ती घरी बदलता येते. शिकंज्याशिवाय मात्र कधीही उघडू नका. आत बसवतानाही ती थोडी दाबलेलीच असते, त्यामुळे मागची पिन काढताच सगळे भाग अंगावर उडतात.

गॅस पिस्टन, म्हणजेच गॅस रॅम. स्प्रिंगच्या जागी कोंडलेला वायू. धक्का सुटसुटीत असतो, थंडीत वंगण घट्ट झाल्याचा त्रास कमी होतो आणि तासभर कॉक ठेवली तरी ताकद उतरत नाही. स्प्रिंग अशी ठेवली तर बसते. पण रॅम गळू लागला की पूर्ण रॅमच बदलावा लागतो. सुटा रॅम सोबत असेल तरच हा पर्याय घ्यावा.

मल्टी-पंप. तीन ते दहा वेळा पंप मारायचा, हवा साठते, धक्का जवळपास नसतो. रायफल हलकी असते आणि शिकारीच्या मानाने ताकद कमी-जास्त करता येते. दुसरी गोळी मात्र लगेच मिळत नाही. ठेवताना एक पंप भरून ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला राहतो आणि त्याच्या बैठकीवर धूळ जात नाही.

पीसीपी. आधीच 200 ते 300 बार दाबाने हवा भरलेली टाकी. नेम अप्रतिम, धक्का नाही, एका भरणीत कितीतरी गोळ्या. आमच्या मते या कामासाठी ती शेवटची निवड. हातपंप, त्याच्या सील, दाबमापक, अर्धा डझन मापांच्या ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), यांतले एक काही बिघडले की रायफल म्हणजे काठी. हातपंपातून गेलेल्या ओलाव्याने टाकी आतून गंजू शकते, हा वेगळाच घोर.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारी रायफल यात बसतच नाही. 20 अंश सेल्सिअसला नळकांड्यात सुमारे 57 बार दाब असतो, शून्य अंशाला तो 35 बारच्या आसपास उतरतो. पहाटेच्या गारठ्यात नेम खाली जातो तो यामुळेच.

तेव्हा, मध्यम ताकदीची साधी स्प्रिंग रायफल. मध्यम हा शब्द महत्त्वाचा. जास्त वेगाची स्प्रिंग म्हणजे जड स्प्रिंग. ती चढवायला 25 किलोहून जास्त जोर लागतो, पिस्टन जास्त आदळतो, स्क्रू सैल होतात, दुर्बीण फुटते. उपाशी आणि दमलेल्या हाताने दिवसातून दहा वेळा चढवता येईल, ती तुमची रायफल.

कॅलिबर

कॅलिबर म्हणजे नळीचे आतले माप. 4.5 मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, सपाट जाणारा, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. 5.5 मिलिमीटरचा साधारण 0.93 ग्रॅमचा; हळू जातो, पण जखम मोठी करतो आणि जनावर जागीच पडते. 0.93 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 180 मीटरने निघाला तर ऊर्जा 15 ज्यूल होते, आणि तेवढ्यात लहान शिकार स्वच्छ होते. कायदा परवानगी देत असेल तर 5.5 घ्या. 500 छर्रे अर्ध्या किलोहून कमी भरतात, म्हणजे खिशात महिन्यांची बेगमी. 6.35 चांगली, पण छर्रे मिळणे अवघड आणि मध्यम स्प्रिंगला ती जड जाते.

खोक्यावर छापलेला भरमसाट वेग बहुधा मिश्रधातूच्या अगदी हलक्या छऱ्याने मोजलेला असतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. छर्रा त्याच्या जवळ गेला की डळमळतो आणि नेम पसरतो.

हातात घेऊन काय पाहावे

नळी मोडून चढवायची रायफल असेल तर ती बंद करून एका हाताने दस्ता, दुसऱ्याने नळीचे टोक धरा आणि आडवे हलवा. जरासाही खडखडाट जाणवला तर ती ठेवून द्या. नळीचा सांधा पिनेवर बसवला आहे की आवळता येणाऱ्या बोल्टवर, हे विचारा. बोल्ट हवा. पिन झिजली की खेळ काढता येत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर असावेत. खालच्या किंवा बाजूच्या दांड्याने चढणाऱ्या रायफलीची नळी स्थिर राहते, त्यामुळे ही कटकटच नाही. वजन तेवढे वाढते.

दस्ता लाकडी असला तर ओलाव्याने फुगतो, पण तेल लावून जपता येतो. प्लॅस्टिकचा पाऊस सोसतो. पोकळ असला तर फांदीला लागताच वाजतो आणि ससा पळतो. बोटाने टिचकी मारून पाहा.

लोखंडी माशी आणि मागची खाच असलेली रायफलच घ्या. चकाकत्या प्लॅस्टिक तंतूची माशी एका आपटण्यात जाते. दुर्बीण लावायची तर एअर रायफलसाठी बनवलेलीच. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते आणि साधी दुर्बीण पुढच्या धक्क्यात आतून निखळते. दुर्बीण धरणारा माउंट घसरू नये म्हणून अटकाव पिन हवी.

हवा गळते का, हे टिश्यू पेपरने कळते. कागदाची पातळ पट्टी नळीच्या सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा भरून मऊ मातीच्या ढिगाऱ्यात गोळी मारा. पट्टी उडाली तर सांध्यातली सील गेली. ही ओ-रिंग बदलायला दोन मिनिटे लागतात. उचकटणीने काढताना खोबणीला ओरखडा पडू देऊ नका.

रायफली कशामुळे मरतात

सर्वात जास्त नुकसान रिकामी चालवल्याने होते. छर्रा नसला की समोर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. सील फाटते, स्प्रिंग तुटते. मित्राला हाताळायला देताना हे आधी सांगा.

नळी उघडी असताना चाप ओढणे हा दुसरा घात. नळी सपकन वर येते, वाकते, दस्ता चिरतो. बोटे मध्ये असली तर तुटतात. छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट ठेवा, सुरक्षेचा खटका असला तरीही.

तिसरे, चुकीचे तेल. साधे मशीन तेल दाबकोठीत गेले की हवेच्या दाबाने तापून पेटते. पहिल्या काही गोळ्या कडक वाजतात, धूर येतो आणि लोकांना वाटते रायफल जोरात झाली. ती जळते आहे. कोठीत फक्त सिलिकॉन तेलाचा एक थेंब, तोही सील चरचरू लागल्यावरच. स्प्रिंगवर मॉलिब्डेनमची पेस्ट पातळ लावा. बाहेरून मात्र रोज तेलाच्या फडक्याने पुसा, कारण घामातल्या मिठाने रात्रीत गंज धरतो.

आणि स्क्रू. नेम अचानक भरकटला तर नळीला दोष देण्याआधी दस्त्याच्या पुढच्या दोन आणि चापाजवळच्या स्क्रूंना ॲलन की लावा. थ्रेड-लॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, पुन्हा सुटणाऱ्या प्रकारचा एक थेंब पुरतो. फार आवळाल तर लाकूड चेपते आणि पुन्हा सैल होते.

नळी सारखी साफ करू नका. नेम बिघडला तरच ओल्या कापडाची चिंधी दोरीने ओढा. पितळी ब्रश आतले आटे झिजवतो.

नेम, अंतर आणि जनावराचा जीव

गोल माथ्याचा छर्रा सर्वात अचूक आणि दूर जाणारा. टोकदार छऱ्याचा नेम सहसा त्याच्याइतका जुळत नाही. पडलेल्या डब्यातले, मागची झालर चेपलेले छर्रे बाजूला काढा. नवी रायफल 200 ते 500 गोळ्यांनंतर स्थिरावते. त्याआधी तिच्या नेमावर निकाल देऊ नका. स्प्रिंग रायफल घट्ट आवळून धरू नका. पुढचा हात मोकळा, तळव्यावर टेकवलेली, जशी उडी मारायची तशी मारू द्या.

ज्या अंतरावर पाच गोळ्या सलग 25 मिलिमीटरच्या वर्तुळात बसतात, तेच तुमचे शिकारीचे अंतर. बहुतेकांना ते 20 ते 30 मीटर भरते. त्यापलीकडे जखमी करून सोडणे होते आणि ते कोणत्याही भुकेने समर्थनीय नाही. डोक्यावरच नेम धरा. छर्रा चुकला तर तीनशे मीटरवरही माणसाचा डोळा फोडू शकतो, म्हणून मागे माती किंवा उतार असावा. दगड, सुकलेले लाकूड, पाणी यांवरून तो उलटून येतो. शिसे हाताला लागते. जेवायच्या आधी हात धुवा आणि शिकार सोलताना जखमेभोवतीचे मांस कापून टाका.

सोबत बांधायचे सुटे सामान एका छोट्या डबीत मावते: एक स्प्रिंग, एक पिस्टन सील, सांध्याच्या तीन ओ-रिंगा, दस्त्याचे जादा स्क्रू, दोन ॲलन की, सिलिकॉन तेलाची कुपी, ओढदोरी. सील आणि स्प्रिंग त्याच मॉडेलची असावी. एका मिलिमीटरने जाड स्प्रिंग बसत नाही, बसली तर चढत नाही. हे भाग बाजारात सुटे मिळतात की नाही, ते रायफल घेण्याआधीच विचारा.