ई-संजीवनीवर डॉक्टरांना दाखवायचंय? मग आधी हे वाचा

ई-संजीवनी ही घरबसल्या डॉक्टरांना दाखवायची सरकारी सेवा. एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, ती थेट रुग्णांसाठी खुली झाली. पैसे लागत नाहीत, उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. मोबाइल नंबर टाका, ओटीपी भरा, रुग्णाची माहिती द्या, टोकन घ्या आणि व्हिडिओ कॉलची वाट बघा. अर्ज म्हणाल तर एवढाच. तरीही आमच्या लालबागच्या चाळीत दर आठवड्याला कुणीतरी येऊन सांगतं, "ताई, आमचं काही झालं नाही."

बहुतेक वेळा घोळ नावात असतो. मुलगा स्वतःच्या नंबरवर नोंदणी करतो आणि रुग्ण म्हणूनही स्वतःचंच नाव ठेवून देतो. मग आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी मुलाच्या नावाने आणि मुलाच्या वयाने येते. केमिस्ट ती परत करतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. नंबर मुलाचा चालतो. नाव आणि वय मात्र आईचंच हवं आणि कॉलच्या वेळी आई समोर बसलेली हवी. रुग्ण लहान मूल असेल तर कॉलवर त्याच्यासोबत मोठं माणूस असावंच लागतं, हा नियमच आहे.

दुसरा गोंधळ 'आभा'चा. आभा हा 14 अंकी आरोग्य क्रमांक. त्यात तुमचे रिपोर्ट आणि चिठ्ठ्या एका ठिकाणी जोडता येतात. त्यावर उपचार मोफत होत नाहीत. पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, आणि सत्तरी पार केलेल्यांचं वय वंदना कार्डही वेगळं. आभाचा कागद लॅमिनेट करून ऑपरेशनसाठी रुग्णालयात गेलेली आणि रडत परतलेली माणसं मी पाहिली आहेत. हा फरक कार्ड हातात देतानाच कुणीतरी नीट सांगायला हवा, आणि तो सांगितला जात नाही याचा मला मनापासून राग येतो. आभा काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर जुना आणि बंद पडलेला असेल तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. त्याला कुठलाही कागद लागत नाही, पण ज्याचं आधार त्याने स्वतः जावं लागतं.

आता खरी अडचण. पोर्टलवर कुणी मागत नाही, पण ज्याच्यावाचून कॉल वाया जातो, तो कागद म्हणजे जुनी चिठ्ठी. आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी कॉल लागल्यावर स्टीलची डबी उघडली. आत गोळ्यांचे तुकडे होते. केमिस्टकडून दर वेळी चार-सहाच घ्यायच्या, त्यामुळे कापलेल्या पट्टीवर ना नाव, ना मिलिग्रॅम. डॉक्टरांनी विचारलं, "कोणती गोळी घेता?" आजी म्हणाल्या, "सकाळी गुलाबी, रात्री पांढरी." डॉक्टर तरी काय लिहून देणार? केसपेपर गेल्या पावसाळ्यात भिजून गेला होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो आजच काढून ठेवा, आणि पट्टी कापून घेताना नाव असलेला भाग मागून घ्या.

दुसरी गोष्ट वहीची. आरोग्यसेविका चाळीत आल्या की बायकांना बीपीच्या मशीनवर बसवतात. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, अर्धा तास चहा घ्यायचा नाही, हात छातीच्या उंचीवर ठेवायचा, दोनदा मोजायचं आणि तारीख-वेळ घालून लिहायचं. अशी आठवड्याभराची वही समोर धरली की डॉक्टरांना नीट ठरवता येतं, नाहीतर "बीपी वाढतं कधीकधी" एवढंच हाती लागतं.

सहा महिन्यांच्या मुदतीचा अर्थही लोक चुकीचा लावतात. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासण्याच्या, 2020 च्या नियमांत फॉलोअप म्हणजे त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरांशी, मागच्या प्रत्यक्ष भेटीपासून सहा महिन्यांच्या आत केलेला सल्ला. चिठ्ठी सहा महिने चालते असा त्याचा अर्थ नाही. आजार नवा असेल, डॉक्टर नवे असतील किंवा सहा महिने उलटले असतील, तर ती पहिली भेट धरली जाते आणि पहिल्या भेटीत काही औषधं लिहून देता येत नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवर मिळत नाहीत; झोपेच्या काही गोळ्या त्यातच मोडतात. त्यासाठी डॉक्टरांशी वाद घालू नका, केसपेपर काढून ओपीडीत जा. मन फार अस्वस्थ असेल, झोप उडाली असेल तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलतात.

कॉल संपल्यावर चिठ्ठी लगेच डाउनलोड करून स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा आणि एक प्रिंट काढा. जवळच्या एका दवाखान्यात मोबाइलवरची चिठ्ठी बघायलाच खिडकीवरचा माणूस तयार नव्हता. प्रिंट दाखवल्यावर केसपेपर निघाला.

आणि छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं किंवा दम लागला, तर टोकन काढत बसू नका. लगेच 108 लावा.