मशीन थांबलं की थांबवलं?

मागच्या आठवड्यात भाषांतरासाठी एक रिपोर्ट आला, त्यात एक ओळ होती, 'मशीन स्टॉप्ड ॲट ३.४०'. एवढीशीच ओळ, पण जपानीत लिहायला घेतली आणि अडले. मशीन आपणहून थांबलं असेल तर 'किकाइ गा तोमात्ता', कोणी थांबवलं असेल तर 'किकाइ ओ तोमेता'. पहिल्यात बिघाड आहे, दुसऱ्यात कोणाचा तरी निर्णय आहे, आणि इंग्रजी ओळ यातलं काहीच सांगत नाही.

डिक्शनरीत स्टॉप शोधलं तर दोन्ही शब्द मिळतात, निवडायचं आपण. ओपन, क्लोज, ब्रेक, सगळ्यांची हीच गत. मार्टिन हास्पेलमाथ या भाषाशास्त्रज्ञाने १९९३ साली अशा ३१ जोड्या २१ भाषांमध्ये तपासल्या, त्यात इंग्रजीत बहुतेक जोड्यांना एकच शब्द निघाला. आपल्याला मात्र हे लहानपणापासून येतं! काच फुटली, काच फोडली. दोरी तुटली, दोरी तोडली. पडणं-पाडणं, मरणं-मारणं, नुसता स्वर बदलला की काम झालं. म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगते, इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणून बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

जपानीत खूण शब्दाच्या शेपटीला असते. जोडीत 'आरु'च्या जागी 'एरु' येत असेल तर 'आरु'वालं आपोआप होणारं, शिमारु म्हणजे बंद होणं, शिमेरु म्हणजे बंद करणं. शेवटी 'सु' असेल तर करणारा कोणीतरी आहे, ओचिरु पडणं, ओतोसु पाडणं, किएरु विझणं, केसु विझवणं. खरा घोळ 'एरु'चा. आकु-आकेरु या जोडीत एरुवालं म्हणजे कोणीतरी उघडणं, पण वारु-वारेरु मध्ये बरोब्बर उलटं, वारु फोडणं आणि वारेरु फुटणं. ओरेरु मोडणं, किरेरु तुटणं, याबुरेरु फाटणं, मोडतोडीची बरीच क्रियापदं अशी वारेरुच्या पंगतीला बसतात, हे एकदा कळलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

अशी साम्यं दिसली की जपानी संस्कृतातून निघाली असले फॉरवर्ड फिरायला लागतात. त्याला काडीचा पुरावा नाही, जपानीचं कूळच वेगळं आहे. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन बघणं', अगदी आपल्यासारखं, पण त्यावरून नातं सिद्ध होत नाही.

त्या ओळीसाठी शेवटी शॉपफ्लोअरला फोन लावला. सुपरवायझर म्हणाले, "अहो, ऑपरेटरनेच थांबवलं, बेल्ट जळल्याचा वास यायला लागला होता." मी 'तोमेता' लिहिलं.