हापसा बसवला, पुढे त्याचं काय?

गावोगावी दिसणाऱ्या सरकारी हापशाचं मूळ जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या वर्कशॉपात आहे. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी धान्य वाटलं, दुष्काळी कामं काढली. पण तो काळ आडा-विहिरींचा, आणि तिथे पोहरा कोणी टाकायचा हे जातीवर ठरायचं. तहानलेल्याला पेलाभर पाणी द्यावं ही ख्रिस्ती शिकवण होतीच, पण काळ्या पाषाणात हाताने विहीर खोदायला महिनोन् महिने लागत.

हे बदललं १९६० च्या दशकात. हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं मिशनांमार्फत आली आणि त्याच पाषाणात थोड्या दिवसांत भोक पडू लागलं. त्यावर बसवले ते बिडाचे पंप. हे युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांवरच्या पंपांच्या नकला होत्या, म्हणजे एका कुटुंबापुरते. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव हापसणार. पिना झिजायच्या, दांडे तुटायचे. १९७० च्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद सापडले. १९७२ च्या दुष्काळानंतर धडाक्याने बोअर घेतल्या गेल्या, त्या काळातली ही गत.

जालन्यात पोलादी पत्र्याचा, एकाच खिळीवर फिरणारा दांडा आणि बंद बेअरिंग असलेला पंप तयार झाला. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी जोडली. त्यामुळे आतली सळई सरळ वर-खाली होऊ लागली आणि कडेला घासणं थांबलं. पंपाची बैठक केसिंगवर, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपवर, चढवून काँक्रीटमध्ये पक्की केल्याने सांडलेलं घाण पाणी बोअरमध्ये उतरेना. याच सुधारणांवरून, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने आणि कोइमतूरजवळच्या चाचण्यांनंतर, १९७७-७८ मध्ये ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा मद्रासच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. पेटंट मुद्दाम घेतलं नाही. कोणत्याही कारखान्याने तो बनवावा, सुटे भाग एकमेकांना बसावेत. निकृष्ट नकला निघाल्या, म्हणून तपासणीची यंत्रणा उभी करावी लागली. तरी हा निर्णय योग्यच होता.

वादाचा निर्णय वेगळाच. पंप दणकट करायचा की गावाला दुरुस्त करता येईल असा करायचा? निवड दणकटपणाची झाली. मार्क टूचं आतलं वायसर बदलायचं तर सगळे पाइप वर ओढावे लागतात. म्हणजे गाडी, पाइप उचलायची घोडी (तिपाई), चार-पाच माणसं. गावात फक्त देखरेख करणारा, तालुक्याला मिस्त्री, जिल्ह्याला फिरतं पथक अशी उतरंड रचली गेली. कागदावर ती ठीक होती. ऐन उन्हाळ्यात मात्र पथकाची वाट पाहण्यावाचून गावापुढे इलाज नसे. यात मिशनांचाही वाटा आहे असं मला वाटतं. पंप ‘दिलेला’ होता, त्यामुळे तो आपला असं गावाला वाटलंच नाही. चर्चच्या प्रवचनात कारभारीपणावर, म्हणजे हाती आलेलं नीट सांभाळण्यावर, भर असतो, पण देणगीदाराला बोअरचा आकडा कळवता येतो, बदललेल्या वायसरचा नाही. पुढे पाइप न ओढता वायसर काढता येईल असा मार्क थ्री आला. जाडजूड पाइपांमुळे तो महाग आणि जड पडला, म्हणून मागेच राहिला.

दरम्यान तीच बोअर-यंत्रं शेतीकडे वळली. पाणी खाली गेलं, पिण्याच्या बोअर कोरड्या पडल्या. १९९३ च्या राज्याच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला बंदी घातली; ती किती पाळली गेली हे ऊसपट्ट्यात फिरून पाहावं.

नगर जिल्ह्यात एका स्विस जेसुइट धर्मगुरूंनी दुसरी वाट धरली. जर्मन मदतीने १९९२ पासून पाणलोटाची कामं सुरू झाली, तीही गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य केली तरच. पंप देण्याआधी पाणी मुरवायचं, हा क्रम मला बरा वाटतो. पण चराईबंदीचा चटका बसला तो धनगरांना आणि भूमिहीन शेळीवाल्यांना. मुरलेलं पाणी उतरलं ते ओढ्याकाठच्या जमीनवाल्यांच्या विहिरींत.