एकाच माणसाचे ८० आणि १०२ : हौशी गोल्फच्या आकड्यांची पार्श्वभूमी

हौशी गोल्फरची एक तक्रार कायमची असते. गेल्या रविवारी अठरा होल ८४ फटक्यांत संपवले, या रविवारी त्याच कोर्सवर, त्याच क्लबांनी, म्हणजे काठ्यांनी, खेळून ९७ लागले. मधल्या सहा दिवसांत हात तर बदलले नाहीत, मग हे तेरा फटके आले कुठून? कोच सांगतो, सातत्य आणा. यूट्यूबवरचा प्रत्येक गुरू तेच सांगतो. स्विंगमध्ये दोष असतो हे खरंच आहे. पण या तक्रारीचा बराचसा भाग स्विंगमध्ये नसून खेळाच्या हिशोबात आहे, आणि तो हिशोब बसवताना गोल्फने दोनेकशे वर्षं वाद घातले आहेत.

मुळात एकूण फटके मोजायची पद्धतच उशिरा आली. स्कॉटलंडमधला जुना खेळ म्हणजे मॅच-प्ले. दोघं समोरासमोर उभे राहायचे आणि एकेक होल जिंकायचा किंवा हरायचा. एखाद्या होलला नऊ फटके लागले तरी जायचा तो एकच होल. पुढच्या टीवर, म्हणजे पुढचा होल जिथे सुरू होतो तिथे, पाटी कोरी. अशा खेळात कोण किती बेभरवशाचा आहे हे आकड्यात दिसतच नाही. मे १७५९ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या खेळाडूंनी ठराव केला. रौप्य क्लबच्या, म्हणजे बक्षीस म्हणून ठेवलेल्या चांदीच्या काठीच्या, मानासाठी जोड्या लावून सामने खेळवणं गैरसोयीचं होत होतं, म्हणून सगळं मैदान, म्हणजे तेव्हाचे २२ होल, जो कमीत कमी फटक्यांत पार करील तो विजेता ठरेल, असं त्यांनी ठरवलं. १७६४ मध्ये २२ चे १८ झाले. सोय झाली, पण नऊ फटक्यांचा होल आता नऊच धरला जाऊ लागला. हौशी खेळाडूचा चढउतार लेखी दिसायला लागला तो या ठरावापासून.

त्या काळचे आकडेही बघण्यासारखे आहेत. १७६७ मध्ये जेम्स डरहॅम नावाच्या सद्गृहस्थाने सेंट अँड्र्यूजला अठरा होल ९४ फटक्यांत खेळले आणि हा विक्रम ८६ वर्षं टिकला. चेंडू चामड्याचा, आत पिसं ठासलेला. पाऊस लागला की फुगायचा, शिवण उसवायची. गवत कापायला यंत्र नव्हतं. आजच्या रविवारच्या गोल्फरला ९४ चं कार्ड दिलं तर तो ते खिशात लपवतो.

दुबळ्या खेळाडूला सूट, म्हणजे हँडिकॅप, द्यायची कल्पना मात्र स्ट्रोक-प्लेपेक्षाही, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या पद्धतीपेक्षाही, जुनी आहे. एडिंबरामध्ये वैद्यक शिकणाऱ्या टॉमस किंकेडने १६८७ च्या रोजनिशीत हा प्रश्न मांडून ठेवला आहे: दोन असमान खेळाडूंमध्ये पैज लावायची तर पैसे सारखे ठेवून एकाला काही होल सोडून द्यावेत, की खेळ बरोबरीचा ठेवून पैसे कमीजास्त लावावेत? पुढची दोनशे वर्षं ही सूट पहिल्या टीवर घासाघीस करून ठरत असे. दर दुसऱ्या होलला एक फटका, दर तिसऱ्या होलला एक फटका, असे दर ठरलेले होते. समोरचा माणूस ओळखीचा असला की हे चालून जाई, कारण त्याच्या चांगल्यावाईट दिवसांची सरासरी तुमच्या डोक्यातच असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला क्लब वाढले, रेल्वेने लोक दुसऱ्यांच्या कोर्सवर खेळायला जाऊ लागले आणि ओळखीवरचा हिशोब मोडला. एका क्लबात बारा फटक्यांची सूट मिळणारा खेळाडू दुसऱ्या क्लबात अठराचा ठरू शकत होता. १८९० च्या सुमारास कॉव्हेंट्रीच्या ह्यू रॉदरहॅमने सुचवलं की प्रत्येक होलला चांगल्या खेळाडूला किती फटके लागायला हवेत ते आधीच ठरवावं आणि त्या आकड्याविरुद्ध खेळावं. यातूनच ‘बोगी’ आला. तो आधी काल्पनिक प्रतिस्पर्धी होता, एक फटका जास्त असा त्याचा अर्थ नंतर झाला.

आकड्यांना शिस्त लावण्याचं काम ब्रिटनमध्ये पहिल्यांदा बायकांनी केलं, हे पुरुषांच्या क्लबांत फारसं सांगितलं जात नाही. १८९३ मध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या सचिव इसेट पिअर्सन यांनी देशभर एकाच मापाने चालेल अशी हँडिकॅप पद्धत उभी केली. पुरुषांच्या संघटनांना एकत्र बसून अशी पद्धत आखायला १९२० चं दशक उजाडलं.

खरा तात्त्विक प्रश्न वेगळाच होता. खेळाडूचे स्कोअर ८० पासून १०२ पर्यंत पसरलेले असतील तर त्यातला त्याचा आकडा कोणता? सरासरी, असं कोणीही पटकन म्हणेल. क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी काढताना शून्यावर बाद झालेला डावही धरतातच. गोल्फने मुद्दाम तसं केलं नाही. ब्रिटनच्या क्लबांमध्ये वर्षातले सर्वांत चांगले तीन स्कोअर घेऊन हँडिकॅप काढायची रीत रुळत होती. न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड कंट्री क्लबच्या लेटन कॅल्किन्सने ती उचलली, नीट मांडली आणि १९०५ च्या सुमारास अमेरिकेभर तिचा प्रचार केला. १९११ मध्ये युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने, म्हणजे यूएसजीएने, ती स्वीकारली. कोर्सचं माप ठरवताना राष्ट्रीय हौशी विजेतेपद आधी मिळवलेला जेरोम ट्रॅव्हर्स प्रमाण धरला गेला.

वाईट दिवस वगळण्यामागचा तर्क व्यवहारी आहे. वाईट खेळ कोणीही ठरवून करू शकतो, चांगला खेळ ठरवून करता येत नाही. सरासरी धरली असती तर स्पर्धेआधी चार राउंड मुद्दाम बिघडवायचे आणि फुगलेल्या हँडिकॅपवर चषक न्यायचा, हा उद्योग फारच सोपा झाला असता. असं करणाऱ्याला अमेरिकेत सँडबॅगर म्हणतात, ब्रिटनमध्ये बँडिट. म्हणजे हँडिकॅप हा ‘तुम्ही कसे खेळता’ याचा आकडा कधीच नव्हता. तुम्ही चांगल्या दिवशी कसे खेळता याचा तो आकडा आहे. लबाडी रोखण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाने प्रामाणिक गोल्फरच्या गळ्यात मात्र कायमची निराशा बांधली, कारण स्वतःच्या हँडिकॅपइतकं खेळणं त्याला बहुतेक राउंडमध्ये जमणारच नसतं. क्लबहाउसमध्ये ‘आज काही जमलं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तरी त्यांच्या नेहमीसारखेच खेळलेले असतात, अशी माझी पक्की समजूत आहे.

तीन स्कोअर फारच थोडे होते. एखादा नशिबाचा राउंड वर्षभर छळायचा. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाडी शेवटच्या २० पैकी उत्तम १० स्कोअरवर आली आणि येणाऱ्या उत्तराला ०.९६ ने गुणायची पद्धत पडली. ही ४ टक्के कपात चांगल्या खेळाडूला किंचित झुकतं माप देण्यासाठी होती.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे मित्रांबरोबरच्या सकाळच्या राउंडचा नव्हे, स्पर्धेतल्या कार्डाचाच विचार होई. १५ च्या आसपास हँडिकॅप असलेला खेळाडू आपल्या आकड्यापेक्षा जितके फटके चांगला खेळेल, त्या प्रत्येक फटक्यामागे त्याचा हँडिकॅप ०.३ ने उतरे. वाईट खेळला तर तीन फटक्यांपर्यंत माफी, त्यापुढे कितीही बिघडलं तरी वाढ फक्त ०.१. उतरायला जिना आणि चढायला दोर, असा प्रकार. दिवस थोडा वाईट गेला की पार कोसळला, याच्याशी त्या पद्धतीला घेणंदेणं नव्हतं.

या गडबडीत एका डॉक्टरने प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. फ्रँक स्टेबलफर्डने १८९८ मध्ये वेल्समधल्या पेनार्थला गुणांची पद्धत करून पाहिली, मग ती मागे पडली. १६ मे १९३२ रोजी इंग्लंडच्या वॉलसी क्लबात तिच्यावर पहिली रीतसर स्पर्धा झाली. हँडिकॅपची सूट धरून पारला, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांना, दोन गुण, एक फटका जास्त म्हणजे बोगीला एक, एक कमी म्हणजे बर्डीला तीन. डबल बोगी, म्हणजे दोन जास्त, किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य, चेंडू उचला आणि पुढे चला. मॅच-प्लेमधली कोरी पाटी त्याने एकट्याच्या खेळात परत आणली. दुसऱ्याच होलला कार्ड फाडून घरी जाणारा माणूस अठराव्यापर्यंत टिकला, हे त्याचं श्रेय. हौशी गोल्फवर इतका उपकार दुसऱ्या कुठल्या नियमाने केला असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक घोळ कोर्सचा होता. उत्तम खेळाडूला दोन कोर्स सारखेच अवघड वाटतात, पण मध्यम खेळाडू एका कोर्सवर ९० आणि दुसऱ्यावर १०० मारतो, कारण तिथलं पाणी, झाडी आणि लांब कॅरी, म्हणजे चेंडूने हवेतूनच पार करायचं अंतर, नेमकी त्याच्याच आड येते. अमेरिकी नौदलातला अधिकारी डीन नूथ यावर काम करत होता. १९७९ मध्ये यूएसजीएने संशोधन गट नेमला आणि त्यातून ‘स्लोप’ आला. ५५ ते १५५ मधला हा आकडा, ११३ प्रमाण. मध्यम खेळाडूला उत्तम खेळाडूच्या तुलनेत कोर्स किती जास्त जाचतो, हे तो सांगतो. १९८० च्या दशकात आधी कोलोरॅडो आणि मग सगळ्या अमेरिकेत तो लागू झाला. अनेकांना जो स्वतःचा लहरीपणा वाटत होता, त्यातला एक भाग कोर्सचा निघाला.

तरीही मूळ गाठ सुटली नाही. समजा, रेटिंग (उत्तम खेळाडूला लागावेत ते फटके) ७२ आणि स्लोप ११३ असलेल्या कोर्सवर खेळणारे दोघे आहेत. पहिला नेमका: २० राउंड, सगळे ८६ ते ९० च्या आत, सरासरी ८८. दुसरा लहरी: ८० पासून १०२ पर्यंत काहीही, सरासरी ९३. दोघांच्याही उत्तम आठ स्कोअरची सरासरी ८७ निघाली की हँडिकॅप सारखाच, १५. हे दोघे एकमेकांशी खेळले तर बहुतेक दिवशी नेमका जिंकेल. सरासरीत पाच फटक्यांचं अंतर आहे. पण शंभर जणांच्या स्पर्धेत नेमक्याचं नेट, म्हणजे फटक्यांतून हँडिकॅप वजा करून उरलेला आकडा, चांगल्यात चांगलं ७१ येणार. लहऱ्यांच्या गर्दीतला कोणी तरी एक त्या दिवशी ८० मारणार, त्याचं नेट ६५, आणि चषक त्याचा. एकाच आकड्यावर जोडीच्या सामन्यात एकावर अन्याय आणि मोठ्या स्पर्धेत दुसऱ्यावर. उत्तम किती स्कोअर धरायचे हे बदलून हा तोल इकडून तिकडे सरकवता येतो, नाहीसा करता येत नाही.

हे जादा फटके नेमके जातात कुठे, याचं उत्तर अलीकडे मिळालं. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी हौशी खेळाडूंचे एकेक फटके नोंदवून त्यांचा हिशोब मांडला. ८० वाला आणि ९० वाला यांच्यातल्या दहा फटक्यांच्या फरकापैकी ढोबळपणे दोन तृतीयांश लांबच्या फटक्यांत जातो, उरलेला ग्रीनभोवती, म्हणजे होलच्या खड्ड्याभोवतीच्या आखूड गवताजवळ, आणि त्यावरच्या छोट्या फटक्यांत, म्हणजे पटिंगमध्ये. हुकलेला पट एक फटका घेतो. हद्दीबाहेर गेलेला ड्राइव्ह फटकाही घेतो आणि अंतरही. तरी सरावाच्या वेळी आपण पटिंग ग्रीनवरच जास्त रेंगाळतो, कारण तिथे घाम येत नाही.

२०२० मध्ये जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती मोडून एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली. आता शेवटच्या २० पैकी उत्तम ८ धरतात, ०.९६ चा गुणाकार गेला, कमाल मर्यादा ५४ झाली. हँडिकॅपसाठी प्रत्येक होलचा स्कोअर नेट डबल बोगीपाशी कापतात. स्टेबलफर्डच्या गुणांचं शून्य नेमकं तिथेच सुरू होतं. वर्षभरातल्या तुमच्या नीचांकापेक्षा आकडा तीनने वर गेला की पुढची वाढ निम्मीच मोजली जाते आणि पाचच्या वर जाऊच दिली जात नाही. उलट एखादा स्कोअर हँडिकॅपपेक्षा सात किंवा अधिक फटक्यांनी चांगला आला तर जादा कपात लगेच होते. मोठ्या स्ट्रोक-प्ले स्पर्धांत हँडिकॅपच्या ९५ टक्केच सूट द्यावी, अशी शिफारस आहे; ती वरच्या लहरी माणसाला आवरण्यासाठीच.

भारतात हे काम १९५५ मध्ये स्थापन झालेली इंडियन गोल्फ युनियन पाहते. आपल्याकडच्या खेळाडूला यातलं एक कलम विशेष उपयोगी आहे. त्या दिवशी बहुतेकांचे स्कोअर अपेक्षेपेक्षा वाईट आले तर हवामानाचा आणि मैदानाचा दोष धरून सगळ्यांच्या आकड्यात थोडी दुरुस्ती होते. चेंबूरला किंवा पुण्यात जुलैमध्ये खेळणाऱ्याला कारण सांगायला नको: फेअरवेवर चेंडू पडतो तिथेच रुततो, ड्राइव्हचा रोल जातो, आणि मार्चमध्ये सात नंबरच्या आयर्नने गाठलेल्या ग्रीनला आता लांब पल्ल्याचा हायब्रिड क्लब लागतो. ही दुरुस्ती लहान असते, फार तर तीन फटक्यांची. पावसाळ्यातले १०२ त्याने ९० होत नाहीत.

ब्रिटनमध्ये नव्या पद्धतीवरची कुरकूर अजून चालू आहे. शनिवारचा चषक पूर्वी आठ-दहा हँडिकॅपवाले नेत, आता पंचवीस-तीसवाले नेतात, असं जुने सभासद म्हणतात. ज्यांचा पसारा मोठा, त्यांचा चांगला दिवसही मोठा, म्हणून काही क्लबांनी हँडिकॅपचे गट पाडून बक्षिसं वेगळी केली. संशयास्पद आकडा तपासून बदलायचा अधिकार क्लबच्या हँडिकॅप समितीला नियमांनीच दिला आहे, आणि तो वापरताना समितीपुढे येणारा प्रश्न कॅल्किन्सच्या वेळचाच असतो: समोरचा माणूस लबाड आहे की नुसताच लहरी?