दहा कोटी अंशांचा फोटो

‘कृत्रिम सूर्य पेटला’ अशी बातमी अधूनमधून आपल्या गोव्यातल्या पेपरांतही झळकते. कृत्रिम सूर्य म्हणजे सूर्यासारखे हलके अणू जुळवून ऊर्जा काढायचं यंत्र. सोबतच्या फोटोत गुलाबी-जांभळी झगमग. गंमत अशी, की तो रंग प्लाझ्माच्या, म्हणजे आतल्या विद्युतभारित तप्त वायूच्या, थंड कडेचा असतो. आतला दहा कोटी अंशांचा गाभा डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. तो चमकतो एक्स-किरणांत.

आणि तिथेच पंचाईत. साध्या भिंगाने एक्स-किरण वळतच नाहीत म्हणा ना. मग उरतं बारीक भोक. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी डिचोली-सत्तरीकडच्या जुन्या घरांत मंगळुरी कौलांच्या फटींतून आलेले कवडसे ज्यांनी पाहिले, त्यांना जमिनीवर चंद्रकोरी दिसल्या असतील. कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच. (ग्रहण म्हणून खिडक्या लावून, अन्नावर तुळशीपान ठेवून बसलेल्यांचा हा फुकटचा खेळ हुकला.)

भोक बारीक तर प्रतिमा रेखीव, पण किरण कमी. मग भिस्त किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर. एक रीत अशी: सीझियम आयोडाइडच्या थरावर एक्स-किरण पाडायचे आणि तिथे उमटणारा हिरवट प्रकाश कॅमेऱ्याने टिपायचा. थर जाड असेल तर प्रकाश पसरतो, पातळ असेल तर किरण आरपार निघून जातात. म्हणून तो स्फटिक उभ्या सुयांच्या रूपात वाढवतात.

मला मात्र भुरळ पडते ती सिलिकॉनची. त्यात एक इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं इवलंसं माप) लागतात. सहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा एकच फोटॉन, म्हणजे एक्स-किरणांचा एक कण, शोषला गेला, की साडेसोळाशेच्या आसपास इलेक्ट्रॉन सुटतात. विद्युतक्षेत्र त्यांना पिक्सेलांकडे ओढतं आणि वाटेत तो पुंजका पसरतो. पिक्सेल लहान असले तर माल दोन-चार जणांत वाटला जातो. वरवर ही कटकटच. पण कोणाच्या वाट्याला किती आलं ते मोजा. एकाला १,००० आणि शेजाऱ्याला ६५० मिळाले, तर फोटॉन सीमेजवळ, पण पहिल्याच्या हद्दीत उतरला. पुंजका किती पसरतो ते ठाऊक असतं, त्यामुळे सीमेपासूनचं अंतरही काढता येतं. म्हणजे पिक्सेलहून बारीक जागा कळते, तीही पसरण्यामुळे! सगळा माल एकाच पिक्सेलात पडला असता, तर ‘इथेच कुठेतरी’ एवढंच हाती आलं असतं. शिवाय वाट्यांची बेरीज केली की फोटॉनची ऊर्जा मिळते, आणि अशा पुष्कळ ऊर्जा मांडल्या की प्लाझ्माचं तापमान.

अट एकच: एका चौकटीत, म्हणजे एका फोटोत, दोन फोटॉन शेजारी शेजारी उतरता कामा नयेत. गांधीनगरजवळच्या ‘आदित्य-यू’सारख्या टोकामॅकमध्ये (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्रात) किरण गाळून, भराभर चौकटी घेऊन हे साधता येतं. कृत्रिम सूर्याच्या दुसऱ्या रीतीत, लेझरने चेंगरलेल्या इंधनगोळीपाशी, ते साधत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेझर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल निघाले. (लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, हे मथळ्यांत कुठे येतं!) ते ज्वलन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत आटोपतं. एकेक फोटॉन मोजायला सवडच नाही. तिथे सूक्ष्म नळ्यांच्या चकतीवरून विजेचा एक ठोका धावत नेतात. ठोका ज्या जागी असेल तेवढीच चकती जागी, तीही शंभरेक पिकोसेकंद (अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग म्हणजे एक पिकोसेकंद). समोर भोकांची रांग मांडली, की ठोका पुढे सरकेल तसा गोळीचा पुढचा फोटो निघतो.