दगडाच्या कडेवर लिहिलेली लिपी

आयर्लंडच्या दक्षिणेला केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड या परगण्यांत शेतांच्या बांधावर, जुन्या दफनभूमीत उभे दगड दिसतात. समोरून पाहिले तर कोरेच वाटतात. अक्षरे असतात ती कडेवर, दोन बाजू जिथे मिळतात त्या रेषेवर. ही ओगम लिपी. आजच्या आयरिश उच्चारात मधला 'ग' गळून ते 'ओम'सारखे ऐकू येते. आपल्या ॐशी मात्र त्याचे काही नाते नाही.

असे सुमारे चारशे लेख आज ठाऊक आहेत. बहुतेक आयर्लंडमधले, काही वेल्स, स्कॉटलंड, कॉर्नवॉल आणि आईल ऑफ मॅनमधले. त्यांतले बरेचसे पाचव्या-सहाव्या शतकातले. भाषा आहे आदिम आयरिश, म्हणजे आजच्या आयरिशची पणजी.

लिपीची रचना मोजणीवर उभी आहे. मूळ अक्षरे वीस, पाच-पाचांचे चार गट. दगडाची कड हीच शिरोरेषा समजा, फक्त उभी. कडेच्या उजवीकडे एक ते पाच रेघा म्हणजे ब, ल, व, स, न. डावीकडे एक ते पाच म्हणजे ह, द, त, क, क्व. कड तिरकी ओलांडणाऱ्या एक ते पाच रेघा म्हणजे म, ग, ङ, झ, र. स्वर अ, ओ, उ, ए, इ हे नुसत्या खाचा, त्याही थेट कडेवर. लेख तळापासून वर चढतो आणि जागा संपली तर माथ्यावरून दुसऱ्या कडेने खाली उतरतो. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते.

मजकूर जवळजवळ नेहमी एकच असतो: 'अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा'. सगळे षष्ठीत, 'दगड' हा शब्द वाचणाऱ्याने मनात धरायचा. म्हणून नवा दगड वाचताना सगळ्यात आधी 'मक्वी' म्हणजे 'मुलाचा' हा शब्द शोधावा. तो ओळखायला सोपा आहे: एक तिरकी रेघ, एक खाच, डावीकडे पाच रेघा, मग पाच खाचा. हाच शब्द झिजत झिजत 'मॅक' झाला आणि मॅकडोनाल्डसारख्या आडनावांत आजही बसला आहे. नावांत 'कुन' (शिकारी कुत्रा) वारंवार येतो, तो संस्कृतातल्या श्वन्, शुनः यांचा भाऊ. 'रिग' म्हणजे राजा, आपल्या राजन्शी सख्खा.

'मक्वी' सापडला नाही आणि 'इनम' असे काहीतरी निघाले, तर दगड उलटा उभा केलेला आहे असे समजावे. दगड उलटला की उजव्या रेघा डाव्या होतात आणि क्रमही फिरतो: क्वचा न होतो, पण म, अ आणि इ जसेच्या तसे राहतात. दगड एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना असे उलटणे सहज घडते.

यापेक्षा मोठी अडचण झिजेची आहे. पाऊस, शेवाळ आणि अंग घासणारी गुरे यांचा पहिला मार कडेवरच बसतो, आणि स्वर तर फक्त कडेवरच असतात. त्यामुळे व्यंजने टिकतात, स्वर पुसतात. दुसरी चूक अंतराची: पाच रेघांत दोननंतर बारीकशी फट असेल तर तो न नसून ल आणि व असतो. ही फट डोळ्यांनी नीट कळत नाही. खडूने रेघा भरून फोटो काढण्याची जुनी सवय वाईट, कारण वाचणारा स्वतःचा अंदाजच दगडावर रंगवतो. त्यापेक्षा अंधार पडल्यावर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकावा. उथळ रेघही सावली पाडते. मग विजेरी दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा दिसली तरच ती रेघ धरावी. डब्लिनच्या उच्च अध्ययन संस्थेने हेच काम त्रिमितीय स्कॅनरने केले आहे.

मुळात ही अक्षरे आपल्याला वाचता येतात ती दोन कारणांनी. चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या 'बुक ऑफ बॅलिमोट' या आयरिश हस्तलिखितात अक्षरांची किल्ली लिहून ठेवलेली आहे. आणि वेल्समध्ये काही दगडांवर तेच नाव लॅटिनमध्येही आहे. कॅस्टेल ड्वायरनच्या दगडावर लॅटिनमध्ये 'वोटेपोरिगिस' आहे, ओगममध्ये 'वोटेकोरिगास'. कोरणाऱ्याची ही चूक नाही. तेव्हाच्या आयरिशमध्ये मूळचा 'प' ध्वनीच नव्हता आणि लिपीत त्याला अक्षर नव्हते, म्हणून त्या जागी 'क' आला. कोरलेल्या एका अक्षरातून उच्चाराची अशी पक्की साक्ष क्वचितच मिळते.

कालनिर्णयही असाच भाषेवरून होतो. साधारण सन 500च्या सुमारास शब्दांची शेवटची अक्षरे गळू लागली. 'आस', 'ई' असे प्रत्यय शाबूत असतील तर लेख जुना, गळाले असतील तर नंतरचा.

केरीतल्या डनलो इथले आठ दगड अवश्य पाहावेत. त्यांतले सात 1838 मध्ये एका भुयारात सापडले. कुणीतरी ते छताच्या तुळया म्हणून वापरले होते, आणि शतकानुशतके त्यांच्यावर पाऊस पडला नाही.