ओळ बदलायची परवानगी : फोनवरच्या यादीतल्या दुरुस्तीची पार्श्वभूमी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतात कापूस वेचणीचा हिशेब लाल पुठ्ठ्याच्या वहीत असतो. दिवस मावळायच्या आधी बाया धुऱ्यावर येतात, एकेकीचं गाठोडं निंबाच्या फांदीला टांगलेल्या काट्याला लागतं, काका आकडा मोठ्यानं बोलतात आणि वहीत नाव, किलो अशी ओळ चढते. आकडा चुकला तर काका त्याच्यावर एकच आडवी रेघ मारतात, शेजारी नवा आकडा लिहितात आणि ज्या बाईचा तो आकडा आहे तिला वही दाखवतात. तिला वाचता येत नसलं तरी दाखवतात. खोडलेला आकडा खालून दिसला पाहिजे, हा त्यांचा दंडक. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरी चुकती करताना वाद निघाला, तर ती रेघच कामाला येते.

दोन हंगामांपूर्वी मी हीच वही फोनवर आणली. पहिल्याच आठवड्यात एका मावशीची ओळ गेली. यादी वर सरकवताना अंगठा जरा आडवा गेला, ओळ डावीकडे घसरली आणि नाहीशी झाली. ना विचारणा, ना रेघ. दुसऱ्या दिवशी मावशीनं विचारलं, "भाऊ, माहे कालचे बावीस किलो कुठी गेले?" काकांच्या वहीत आकडा होता म्हणून तिची मजुरी बुडाली नाही. पण ते बावीस किलो माझ्या डोक्यातून गेले नाहीत. फोनवरच्या यादीत ओळ बदलायची ही रीत आली कुठून आणि ती इतकी सैल कशी झाली, हे मी मागे जाऊन वाचत गेलो. त्यातलं जे कामाचं वाटलं ते इथे मांडतो. गावासाठी ॲप लिहिणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल असं वाटतं.

सुरुवात आपल्याच दप्तरापासून करावी लागेल. लिहिलेली ओळ बदलणं हे वेगळं आणि जबाबदारीचं काम आहे, हे महसूल खात्यानं फार आधी ओळखलं होतं. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. वारस लागला, जमीन विकली, बोजा चढला, तरी पटवारी (विदर्भात तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात) सातबाऱ्यावरचं नाव थेट बदलू शकत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मंडळ अधिकाऱ्यानं ती प्रमाणित केली की मगच सातबाऱ्यावर बदल चढतो. तोवर सातबाऱ्यावर असायची ती पेन्सिलीची नोंद; शाई नंतर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५० या फेरफार नोंदवहीचं आहे आणि कलम १५५ लेखनातल्या चुका दुरुस्त करण्याचं. हक्कातला बदल वेगळा आणि हात चुकून झालेली चूक वेगळी, दोघांना वाटही वेगळी. माझ्या ॲपमध्ये नेमका हाच भेद नव्हता.

संगणकावर तक्ता आला तो मोकळा ढाकळा. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू वर व्हिजिकॅल्क आणलं. त्यात कुठल्याही चौकटीवर जा आणि टंकायला लागा, जुना आकडा जाऊन नवा येतो. आकडेमोड करून बघणाऱ्याला ती मोकळीक हवीच होती. एक्सेल वापरताना आपण आजही तेच करतो.

त्याच दशकात झेरॉक्सच्या पार्क या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत दुसरा वाद चालू होता. तिथल्या १९७४ च्या ब्राव्हो या लेखन-प्रणालीत आज्ञेची अवस्था निराळी आणि टंकनाची निराळी; आज्ञेच्या अवस्थेत प्रत्येक अक्षर म्हणजे एक हुकूम. त्यावरून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. आपण टंकनाच्या अवस्थेत आहोत असं समजून कुणी 'एडिट' हा शब्द टंकला, तर 'ई' म्हणजे सगळं निवडा, 'डी' म्हणजे पुसा, 'आय' म्हणजे घाला. शेवटी सगळा मजकूर जाऊन तिथे एकटं 'टी' अक्षर उरायचं. दुरुस्ती या शब्दानंच अख्खा लेख पुसावा, याहून बोलकं उदाहरण मला सापडलं नाही. पार्कमध्येच काम करणारे लॅरी टेस्लर या असल्या छुप्या अवस्थांच्या कायम विरोधात राहिले. टिम मॉट यांच्याबरोबर त्यांनी जिप्सी ही प्रणाली केली. कापा, नक्कल करा, चिकटवा ही आज आपल्या हातात बसलेली रीत तिथलीच. टेस्लर यांच्या गाडीच्या नंबरपाटीवरसुद्धा 'नो मोड्स', म्हणजे अवस्था नकोत, असं लिहिलेलं होतं. १९८० मध्ये ते ॲपलमध्ये गेले आणि २०२० मध्ये वारले.

आयफोनवरचा तक्ता मात्र नेक्स्ट या कंपनीच्या घराण्यातला. स्टीव्ह जॉब्स यांनी १९८५ मध्ये ॲपल सोडल्यावर ती काढली आणि १९९७ च्या सुरुवातीला ॲपलनं ती विकत घेतली. मॅक या ॲपलच्या संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये जागोजागी दिसणारी 'एनएस' ही आद्याक्षरं नेक्स्टस्टेपची, म्हणजे नेक्स्टच्या संगणक-प्रणालीची. या घराण्याची एक शिस्त मला फार आवडते : तक्ता स्वतःजवळ माहिती ठेवत नाही. तो ॲपला विचारतो, ओळी किती? या ओळीत काय दाखवू? ॲप उत्तर देईल तसं तो दाखवतो. तक्ता म्हणजे फळा, वही दुसरीकडे. मॅकवर चौकटीवर दोनदा क्लिक केलं की मजकूर बदलता यायचा. माउसची टोकदार खूण आणि मोठा पडदा असल्यामुळे ते चालून गेलं.

२००७ मधल्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता, रुंदीला ३२० ठिपके आणि उंचीला ४८०. बाहेरच्या लोकांना ॲप लिहायची साधनं ६ मार्च २००८ ला मिळाली आणि ॲप स्टोअर १० जुलै २००८ ला उघडलं. त्या साधनांमध्ये यूआयटेबलव्ह्यू, म्हणजे पडद्यावर ओळींची यादी दाखवणारा तयार तक्ता, होता. त्याला स्तंभ एकच. ओळ नेहमीची ४४ ठिपके उंच, बोट नीट टेकावं एवढी. त्याच बोटानं यादी सरकवायची, त्याच बोटानं ओळ उघडायची. मग दुरुस्ती कुठल्या बोटानं करायची?

तिथे ॲपलनं जे केलं ते मला आजही सगळ्यात समंजस वाटतं. वर कोपऱ्यात 'एडिट' बटण दिलं. ते दाबेपर्यंत यादी फक्त वाचायची. दाबलं की प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला लाल गोल आणि त्यात वजाबाकीचं चिन्ह येतं. नवी ओळ घालायची असेल तिथे हिरवा गोल आणि अधिक. ओळी वरखाली हलवता येत असतील तर उजवीकडे तीन करड्या रेघा. लाल गोल दाबला तरी ओळ जात नाही. तो गोल फिरतो, उजवीकडे 'डिलीट' येतं आणि ते दाबल्यावरच ओळ जाते. काम झालं की 'डन'. ही एक अवस्थाच आहे, पण उघड दिसणारी. ओळीओळीवर लाल ठिपका असताना आपण कुठे आहोत हे विसरायला होत नाही. टेस्लर यांचा राग होता तो न दिसणाऱ्या अवस्थांवर.

आत प्रोग्रॅममध्येही ही परवानगी पायरीपायरीनं दिली जाते. 'सेट एडिटिंग' म्हटलं की यादी दुरुस्तीला उघडते. तक्त्याचा पडदा सांभाळणारा तयार टेबल कंट्रोलर वापरला तर हे आपोआप होतं. साध्या पडद्यावर तक्ता स्वतः ठेवला असेल तर निरोप तक्त्यापर्यंत आपणच पोचवायचा, आणि नवशिक्यांचं बटण 'काहीच करत नाही' ते बहुधा इथेच अडलेलं असतं. मग तक्ता एकेका ओळीबद्दल 'कॅन एडिट रो' विचारतो : ही बदलू देऊ का? उत्तर लिहिलंच नाही, तर सगळ्याच ओळी बदलता येतात असं तो धरून चालतो. पुढे कुठल्या प्रकारची दुरुस्ती ते विचारतो. तिथेही उत्तर नसेल तर पुसणं. शेवटी 'कमिट एडिटिंग स्टाइल' मध्ये खरं काम होतं, आणि ही एक पद्धत लिहिली की ओळ आडवी सरकवून पुसण्याची सोयही तिच्याबरोबर मिळते. न सांगितलेल्या गोष्टींत इथे 'हो' आणि 'पुसा' हेच धरलेलं आहे. घाईत ॲप लिहिणाऱ्यानं हे दोनदा वाचावं.

या रचनेत एक कडक हिशेबनीसही बसलेला आहे. आधी वहीतली नोंद काढायची, मग तक्त्याला 'ही ओळ काढ' म्हणायचं. वही तशीच ठेवून नुसती ओळ काढायला गेलं तर तक्ता मोजदाद करतो : आधी पाच होत्या, एक काढली म्हणता, मग चार हव्यात, वही अजून पाचच सांगते. ताळा बसला नाही की ॲप तिथल्या तिथे बंद पडतं. पुष्कळांना याचा वैताग येतो. मला त्यात काका दिसतात, बेरीज जुळेपर्यंत कुणाला उठू न देणारे.

सैलपणा पुढे आला. आडवं सरकवणं आयफोनच्या मेलमध्ये आधीपासून होतं, पण त्यानं फक्त 'डिलीट' बटण दिसायचं. दाबणं तुमच्या हाती. २०१३ मध्ये मेलबॉक्स नावाचं ॲप आलं. त्यात पत्र पूर्ण सरकवलं की काम फत्ते, दुसरं बटण नाही. लोकांना ते फार आवडलं. २०१४ मध्ये आयओएस (आयफोनची प्रणाली) ८ मध्ये ॲपलच्या मेलनंही पूर्ण सरकवणं घेतलं आणि ओळीमागे स्वतःची बटणं ठेवायची सोय बाहेरच्या ॲपना दिली. २०१७ च्या आयओएस ११ पासून दोन्ही बाजूंना बटणं ठेवता येतात, आणि ओळ शेवटपर्यंत ओढली तर पहिलं काम लगेच पार पडतं. नको असेल तर आपण मुद्दाम बंद करायचं. २०१९ मध्ये आलेल्या स्विफ्टयूआय या ॲपलच्या ॲप लिहायच्या साधनात 'ऑन डिलीट' एवढं लिहिलं की भागतं. दिवसाला दोनशे पत्रं उपसणाऱ्याला ही चपळाई हवी असेल. कचऱ्याच्या पेटीतून पत्र परत येतंही. मजुरीच्या ओळीला अशी पेटी कुणी दिलेली नसते.

आमच्याकडे फोन बहुतेक अँड्रॉइडचे. तिथे वाट निराळी. २००८ च्या लिस्टव्ह्यू या यादी दाखवणाऱ्या तयार भागात ओळ दाबून धरली की पर्याय उघडायचे. २०१४ मध्ये यादीसाठीच रिसायकलरव्ह्यू आला. त्याला दुरुस्तीचं स्वतःचं अंगच नाही. २०१५ मध्ये आलेला आयटमटचहेल्पर हा बोटाच्या हालचाली ओळखणारा भाग जोडला की ओळ सरकते, पण सरकल्यावर काय करायचं ते लिहिणारा ठरवतो. मी तिथे पुसायची आज्ञा लिहिली होती, ती माझीच चूक. त्याच वर्षी स्नॅकबार आला, म्हणजे पडद्याच्या तळाशी काही क्षण दिसणारी पट्टी. तिच्यावर 'परत आणा' ठेवायची सोय होती. ती मी ठेवली नव्हती. ठेवली असती तरी उन्हात, कापसानं चिकटलेल्या हातात फोन धरून कुणी ती पट्टी वेळेत वाचली असती का, ही शंका आहेच.

राज्याच्या ई-पीक पाहणी ॲपची वाटचाल इथे आठवते. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद फोनवरून करू लागले. बांधावर उभं राहून तूर टाकायची ती सोयाबीन टाकली गेली, असं कितीतरी जणांचं होतं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत केलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा स्वतः दुरुस्त करायची सोय आली आणि १० टक्के नोंदी तलाठ्यानं तपासायच्या असं ठरलं. मुदत, मर्यादा आणि तपासणी : फेरफाराची जुनी शिस्तच ही. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक आहे आणि तो माग बंद करता येत नाही.

गेल्या हंगामाच्या आधी मी ॲप पुन्हा लिहिलं. सरकवणं काढून टाकलं. वर 'दुरुस्ती' बटण आहे, ते दाबल्यावर ओळींच्या कडेला पेन्सिल येते. आकडा बदलला तर जुना आकडा आडव्या रेघेसह तिथेच राहतो आणि बदलाची वेळ खाली बारीक अक्षरांत येते. ओळ पूर्ण पुसायची सोय कुणालाच नाही, मलाही नाही. चुकून दोनदा चढलेली ओळसुद्धा रेघ मारूनच ठेवावी लागते. मजुरी चुकती झालेल्या आठवड्याच्या ओळींना पेन्सिल येतच नाही. काका म्हणाले, मजुरी दिल्यावरही कधी कधी चूक सापडते, मग काय करायचं? त्यांच्या वहीत अशा वेळी पुढच्या आठवड्यात 'मागील फरक' म्हणून नवी ओळ चढते. आता ॲपमध्येही तीच चढते.